बेनकाका काहीच म्हणाले नव्हते

स्पायडरमॅनचं एक वाक्य जगभर पाठ आहे. मोठी ताकद हाती आली की जबाबदारीही मोठी येते. हे कुणी सांगितलं असं विचारलं तर कुणीही उत्तर देईल, बेनकाकांनी, पीटरला. आपण सगळ्यांनी ते तसंच ऐकलंय. पण मूळ गोष्ट उघडून बघितली तर बेन पार्कर असं काही म्हणतच नाहीत. ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक, ऑगस्ट १९६२, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या दोघांनी केलेली ११ पानांची गोष्ट. ते वाक्य येतं अगदी शेवटच्या चौकटीत, अंधारात दूर चालत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर, निवेदकाच्या मजकुरात. तोवर काका गेलेले असतात. त्यांच्या वाट्याला त्या गोष्टीत जी थोडीथोडकी वाक्यं आली आहेत ती मायेची आहेत, उपदेशाची नाहीत.

पुढच्या लेखकांनी ते वाक्य हळूहळू काकांच्या तोंडी घातलं आणि आता ते तिथून काढणं कुणाला शक्य नाही. मला यात काही बिघडलंय असं वाटत नाही. दुःखात माणूस असंच करतो. गेलेल्याच्या तोंडी एक हुकूम घालतो आणि मग उरलेलं आयुष्य तो पाळत राहतो. ‘बाबांची इच्छा होती’ म्हणून नावडत्या धंद्यात पस्तीस वर्षं काढलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. बाबा तसं कधी म्हणाले होते का, हे विचारायची सोय नसते.

फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत कॉमिक्स मिळायची, तेव्हापासून हा मुलगा माझ्या डोक्यात आहे. मारामाऱ्या मी कधीच विसरलो. लक्षात राहिलं ते हे की याला कुठल्याही वाढदिवसाला, कुठल्याही परीक्षेला, कुठल्याही भेटीला वेळेवर पोचता येत नाही, आणि का पोचला नाही हे सांगताही येत नाही. वेळ पुरत नाही म्हणून असं होतं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही.

ती रात्र जरा नीट बघायला हवी. पीटर पार्कर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, आईवडील नसलेला, काका-काकूंनी वाढवलेला, वर्गात टिंगल होणारा हुशार मुलगा. किरणोत्सर्गाने भारलेला कोळी चावतो आणि अंगात अचाट ताकद येते. तो काय करतो? पैसे मिळवायला जातो. कुस्तीत बक्षीस जिंकतो, टीव्हीवर कार्यक्रम करतो. घरात चणचण असलेल्या पोराने दुसरं काय करायचं असतं? असाच एक कार्यक्रम आटोपून निघताना एक चोर त्याच्या समोरून पळत जातो. मागून पोलीस ओरडतो, अडव त्याला. पीटर नुसता उभा राहतो. चोर लिफ्टमध्ये शिरतो, दार बंद होतं. पोलीस चिडून बोलतो तेव्हा पीटर म्हणतो, ते तुमचं काम, मी यापुढे फक्त माझ्यापुरतं बघणार. पुढे काही दिवसांनी घरी येतो तर दारात पोलिसांची गाडी. घरात शिरलेल्या चोराने काकांना गोळी घातलेली. धक्क्याजवळच्या गोदामात तो खुन्याला गाठतो, आणि तो चेहरा ओळखीचा निघतो.

त्या वेळच्या न्यूयॉर्कची वस्ती ७५ लाखांच्या वर होती. इतक्या माणसांतून नेमका तोच चोर नेमक्या त्याच घरात शिरतो. हा योगायोग आहे, तोही कथाकाराने ओढून आणलेला. जगातल्या कुठल्याही न्यायालयाने त्या पोराला दोषी धरलं नसतं. पण योगायोगाला योगायोग म्हणायला माणसाच्या मागे कुणीतरी उभं लागतं. रडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवर हात ठेवून ‘अरे, तुझा यात काय दोष?’ असं म्हणणारं कुणीतरी. पीटरच्या मागे काकूच होती, आणि तिला सांगायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की तुझ्या नवऱ्याचा खुनी माझ्या हाताच्या अंतरावरून गेला होता आणि मी बघत उभा होतो. म्हणून तो गप्प राहिला. माझ्या मते त्याचा मुखवटा खरा त्या क्षणी चढला.

बॅटमॅनचं दुःख याच्या शेजारी ठेवून बघितलं की फरक कळतो. ब्रूस वेनच्या आईबापांना त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या, आणि तो इतका लहान होता की त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. तो शहरावर रागावू शकतो, गुन्हेगारांवर रागावू शकतो, आणि तसा रागावतोही. पीटरला रागवायला स्वतःशिवाय कुणी नाही. त्याचं कर्तव्य हे अपराधातून आलंय, आणि अपराधातून आलेल्या कर्तव्याला सुट्टी नसते. ज्याचं देणं लागतो तो सावकारच मेलेला आहे. आता मुद्दल फिटलं, व्याज फिटलं, जा घरी, असं म्हणणार कोण?

२००४ साली या गोष्टीचं मुंबईतलं रूप निघालं. पवित्र प्रभाकर नावाचा, खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला मुलगा. पोशाख बदलला, शक्ती कुठून आली तेही बदललं. काकाचं मरण मात्र तसंच राहिलं. ते काढून टाकलं असतं तर स्पायडरमॅनच उरला नसता. तिथे गुंड एका बाईला त्रास देत असतात, पवित्र मदत न करता निघून जातो, आणि भीमकाका तिच्या मदतीला धावतात म्हणून भोसकले जातात. मला ही मांडणी मूळ गोष्टीपेक्षा जास्त बोचते. बेनकाका आपल्या घरात होते, काही न करता गेले. भीमकाका पुतण्याने टाळलेलं काम स्वतः करायला गेले आणि त्यात गेले. अशा काकांच्या फोटोकडे बघायचं कसं?

दुसऱ्याच दिवसापासून घर चालवायचं असतं हेही या गोष्टीत आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. १९६३ साली पीटरच्या नावाचं स्वतंत्र मासिक सुरू झालं. त्याच्या पहिल्या अंकात घरभाडं थकलंय आणि काकू आपले दागिने गहाण टाकायला निघालीय. पीटर ते पाहतो. स्पायडरमॅन म्हणून कार्यक्रम करून त्याला पैसे मिळालेले आहेत, पण चेक ‘स्पायडरमॅन’ या नावाने आहे. बँकेतला माणूस ओळखपत्र मागतो. ते कुठून आणायचं? हातात चेक असून घरी पैसे नेता येत नाहीत. पुढे तो स्वतःचेच फोटो काढून ते स्पायडरमॅनला रोज शिव्या घालणाऱ्या वर्तमानपत्राला विकतो आणि त्यावर घर चालवतो. आपली बदनामी छापणाऱ्या मालकाकडून आलेल्या पैशातून काकूची औषधं.

मग येतं कॉलेज. १९६५ च्या अखेरीचे आणि १९६६ च्या सुरुवातीचे ३१ ते ३३ हे तीन अंक. मारामारीसाठी ते प्रसिद्ध आहेत, मी मात्र त्यांच्याकडे कॉलेजच्या पानांसाठी जातो. पीटर एम्पायर स्टेट युनिव्हर्सिटीत दाखल झालाय. नव्या वर्गात ग्वेन स्टेसी आहे, हॅरी ऑसबॉर्न आहे. ही मुलं पुढे त्याच्या आयुष्याचा गाभा होणार आहेत. ती त्याच्याशी बोलायला बघतात आणि तो त्यांच्या अंगावरून सरळ निघून जातो. त्याला ती दिसतच नाहीत, कारण काकू हॉस्पिटलात आहे आणि डॉक्टरांनी आशा सोडलीय. मुलांना हे कुठून कळणार? त्यांना वाटतं, शिष्यवृत्तीवर आलाय म्हणून चढलाय, घमेंडखोर आहे. त्या चौकटींत पीटरचा चेहरा खाली झुकलेला आणि बाकीच्यांचे चेहरे त्याच्याकडे वळलेले. एक वाक्य पुरलं असतं. माझी काकू आजारी आहे. हे वाक्य बोलायला तर मुखवट्याची अडचण नव्हती, त्यात कुठलं गुपित नव्हतं. तरी तो बोलत नाही. गप्प राहायची सवय एका गोष्टीपुरती ठेवता येत नाही, ती सगळ्या बोलण्यावर पसरते.

आणि काकू आजारी का आहे? पूर्वी तिला पीटरने रक्त दिलं होतं. त्याच्या रक्तातला किरणोत्सर्ग तिच्या अंगात गेला. म्हणजे वाचवण्यासाठी जे दिलं त्यानेच ती मरायला टेकलीय. तिच्यासाठी लागणारं द्रव्य समोर जमिनीवर पडलंय, हात पोचत नाही, कारण तो लोखंडाच्या अजस्र यंत्राखाली चिरडलाय आणि वरून पाणी गळतंय. डिटकोने ती पानं चढत्या आकाराच्या चौकटींनी रचली आहेत. आधी लहान, मग मोठी, आणि शेवटी एक पूर्ण पान, ज्यात तो ते धूड उचलून उभा आहे. कॉमिक्सच्या इतिहासात या पानाचं कौतुक खूप झालंय, आणि ते योग्यच आहे. पण उचलताना त्याच्या मनात काय चाललंय तेही वाचायला हवं. बेनकाकांना मी वाचवलं नाही. काकूच्या बाबतीत तेच पुन्हा होऊ देणार नाही. प्रेमाने उचलतोय की भीतीने, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

माझे मामा मध्य रेल्वेत मोटरमन होते. राहायला कल्याणला, रेल्वे क्वार्टर्समध्ये. सुट्टीत आम्ही भावंडं तिथे जायचो. लोकलखाली माणसं येतात हे आपण पेपरात एका ओळीत वाचतो. मोटरमन ते काचेतून बघतो. बारा डब्यांची गाडी वेगात असली की ब्रेक लावल्यावरही काही शे मीटर पुढे जाते, त्यामुळे तो बघतो आणि काही करू शकत नाही. रेल्वेत त्याला ‘रनओव्हर’ म्हणतात. गार्डला कळवायचं, पुढच्या स्टेशनात मेमो द्यायचा, आणि गाडी पुढे न्यायची, कारण मागे गाड्या तुंबलेल्या असतात आणि डब्यांत हजारो माणसं घरी जायला उभी असतात. ड्युटी संपली की लॉबीत साइन ऑफ करून घरी.

मामा घरी यातलं काही बोलायचे नाहीत. फक्त अशा रात्री ते इस्त्री काढायचे. दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म आधीच कडक इस्त्रीचा असायचा, तरी पुन्हा पाणी शिंपडून, कॉलरपासून सुरुवात करून, एकेक बाही, एकेक बटणाची पट्टी. मामी आम्हाला डोळ्यांनी दटावायची आणि टीव्हीचा आवाज कमी करायची. तिला कुणी काही सांगितलेलं नसायचं. दिवाळीत मामा घरी नसायचे. लिंकच, म्हणजे ड्युटीची पाळीच, तशी लागते, असं आम्हाला सांगितलं जायचं. मामा निवृत्त झाल्यावर मामीनेच एकदा सांगितलं की दिवाळीची ड्युटी ते मागून घ्यायचे, दुसऱ्यांच्या बदल्यात. कुणाचं तरी लहान बाळ आहे, कुणाची तरी आई आजारी आहे, अशी कारणं द्यायचे. मामांच्या हातून चूक झाली होती असं रेल्वेने कधी म्हटलं नाही, पोलिसांनी म्हटलं नाही, त्या माणसांच्या घरच्यांनीही म्हटलं नाही. ते स्वतःच काहीतरी फेडत होते, आणि फेडायला त्यांच्याकडे होतं काय? घरची दिवाळी होती, तीच त्यांनी दिली.

पीटर पार्कर मला समजला तो मामीच्या त्या एका वाक्यानंतर. स्वतःचं सुख ही त्याच्या लेखी खिशातली नाणी आहेत, दंड भरायला काढलेली. पुढे त्याची प्रेयसी झालेल्या ग्वेनबरोबरची संध्याकाळ, कॉलेजची परीक्षा, रात्रीची झोप. समोर खरंच कुणी बुडत असतं तेव्हा धावून जाणं वेगळं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सुखाचा क्षण आला की तो आपल्याला परवडणार नाही अशी त्याची आधीच खात्री असते. वेळेची वाटणी सुधारून हे सुटणारं नाही. त्याला दिवसाला आणखी चार तास मिळाले असते तर ते चारही तास त्याने छपरांवर काढले असते.

शरीराला हे लवकर कळतं. १९६४ च्या वार्षिक अंकात पीटरची ताकद अचानक नाहीशी होते. तो काकांच्या मरणाचा विचार करत असतो आणि अंगातलं बळच जातं. पुढे कळतं की शरीरात काही बिघाड नव्हता, मनच नको म्हणत होतं. सुरुवातीला त्याला सुटल्यासारखं वाटतं. आता साधं आयुष्य जगता येईल. तोवर त्याचे सहा शत्रू एकत्र येऊन काकूला पळवून नेतात, आणि हा पोरगा ताकद नसताना, मार खाऊन मरायच्या तयारीने, त्यांच्याकडे निघतो. लढता लढता बळ परत येतं. लहानपणी मला ही शौर्यकथा वाटली होती. आता वाचताना मला त्या तयारीचीच काळजी वाटते. मरायला तो इतका पटकन तयार होतो, जणू बरेच दिवस कुणी तरी ते मागावं म्हणून थांबला होता.

त्याच वर्षी १३ व्या अंकात तो मनोविकारतज्ज्ञाकडेही जातो. कुणीतरी त्याचा वेश घेऊन चोऱ्या करत असतं आणि याला शंका येते की झोपेत आपणच तर हे करत नाही ना. स्वतःवर अविश्वास किती मुरलाय बघा. पण डॉक्टरला मन उघडं करायचं तर आपण कोण हेही बाहेर पडणार, म्हणून तो काही न सांगताच परत फिरतो. १९६४ साली, सुपरहिरोच्या मासिकात, दहा-बारा सेंटला मिळणाऱ्या अंकात हे आलंय. ज्याला सर्वांत जास्त बोलायची गरज आहे त्याच्यासाठी प्रत्येक दार याच एका कारणाने बंद आहे.

१९६७ च्या ५० व्या अंकात तो शेवटी पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून देतो. पावसातल्या गल्लीत डबा, त्यातून लोंबणारा पोशाख, आणि पाठ फिरवून निघालेला पीटर. हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. जॉन रोमिटाचं ते चित्र. काही दिवस बरे जातात. मग चोरांच्या हातून एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तो वाचवतो, आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याला काकांसारखा वाटतो. एवढंच पुरतं. तो परत पोशाख घालतो. कर्तव्याची हाक म्हणून हे रंगवलं जातं, आणि त्यात खोटं काही नाही. तरीही बघा, तो शहरासाठी परतला नाही. एका चेहऱ्यासाठी परतला.

ग्वेनबद्दल लिहायला मला अजूनही जड जातं. तिचे वडील, कॅप्टन जॉर्ज स्टेसी, १९७० साली ९० व्या अंकात कोसळणाऱ्या ढिगाऱ्यातून एका लहान मुलाला वाचवताना मरतात. मरताना ते पीटरला त्याच्या नावाने हाक मारतात, म्हणजे त्यांना सगळं आधीपासून माहीत असतं, आणि ग्वेनला सांभाळ म्हणतात. ग्वेन मात्र वडिलांच्या मृत्यूसाठी स्पायडरमॅनला जबाबदार धरते. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडते त्याचाच ती द्वेष करते, आणि तो ते ऐकून घेतो. १९७३ च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा स्पायडरमॅनचा शत्रू तिला पुलावरून खाली टाकतो. पीटर जाळं फेकतो, जाळं तिचा पाय धरतं, आणि तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज छापलेला आहे. अचानक थांबल्याच्या हिसक्याने मान मोडली. वर ओढून घेताना तो स्वतःचं कौतुक करत असतो, वाचवलं तुला म्हणून. आणि ती कधीच गेलेली असते.

लोक म्हणतात की या अंकाने कॉमिक्समधलं निरागस युग संपलं. ते इतिहासकारांनी ठरवावं. मला जे टोचतं ते वेगळंच. ग्वेन मेली तेव्हा तिला माहीत नव्हतं की तिला पळवलं कशासाठी. ती ज्या लढाईत गेली ती लढाई तिच्या घरात रोज येत-जात होती, आणि तिला कुणी कळू दिलं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर ती कदाचित सोडून गेली असती, कदाचित थांबली असती. दोन्ही तिचे निर्णय असते. पीटर म्हणतो की मी जवळच्यांना जपण्यासाठी लपवतो. काही प्रमाणात ते खरंही आहे, त्याचे शत्रू खरे आहेत. पण लपवण्यात त्याची स्वतःचीही सोय आहे. सांगितलं की काकांची गोष्ट सांगावी लागणार, आणि ऐकणारा कदाचित क्षमा करणार. क्षमा मिळाली तर मग तो कोण उरणार?

पुढच्याच अंकाचं शेवटचं पान. ग्वेन गेलीय, गॉब्लिन मेलाय, पीटर घरी येतो तर मेरी जेन तिथे आहे. ही तोवर हसती-नाचती, कशाचंच ओझं न वाहणारी मुलगी. पीटर तिच्यावर वाट्टेल तसं तोंड टाकतो. तुला कशाचं काय, तुला तर स्वतःची आई मेली तरी वाईट वाटणार नाही, असं काहीतरी. ती रडवेली होऊन निघते, दार उघडते, उंबऱ्यापाशी थांबते. मग दार बंद करते, आतून. शेवटच्या चौकटीत फक्त कडी लागल्याचा आवाज लिहिलाय. तिला तेव्हा काय माहीत होतं आणि काय नव्हतं, यावर पुढच्या लेखकांनी बरंच लिहिलं. १९८४ साली ती त्याला सांगते की तू कोण आहेस ते मला कधीपासून माहीत आहे. मग आपल्या घरची गोष्ट सांगते, तापट बापाची, मोडलेल्या संसाराची, बहिणीला मागे टाकून पळून आल्याची. इतकी वर्षं हसरा चेहरा हा तिचाही मुखवटाच होता. मला हे अंक म्हणूनच आवडतात. पीटरला समजून घेणारी व्यक्ती मिळते ती त्याच्यासारखी शूर नसते, त्याच्यासारखी अपराधी असते.

काकूला कळायला २००१ साल उजाडावं लागलं. मारामारीत अर्धमेला झालेला पीटर घरी येऊन निजलेला, शेजारी फाटका पोशाख, आणि काकू खोलीत येते. त्यानंतरचा एक आख्खा अंक दोघं नुसती बोलत बसतात. लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की, चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर. ५० व्या अंकाचं चित्र काढणाऱ्या रोमिटांचा मुलगा. मारामारी नाही, खलनायक नाही. पीटर अखेर बोलतो. तो चोर, ती लिफ्ट, मी अडवला नाही. आणि काकू म्हणते की इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिच्यामुळे बेन गेले. या अंकात ती रात्र मूळ गोष्टीपेक्षा जरा वेगळी सांगितलीय: दोघांचं भांडण झालं होतं. बेन तिरमिरीत घराबाहेर पडले होते. भांडले नसते तर ते तसे बाहेर पडले नसते.

चाळीस वर्षं एकाच घरात दोन माणसं एकाच मरणाचा दोष आपापला समजून वागवत होती. एकमेकांना जेवायला वाढत होती, तब्येत विचारत होती, आणि हे बोलत नव्हती. तो अंक वाचल्यावर मी मामीला फोन केला होता. बोललो इकडचं तिकडचंच. पण मामा तिला शेवटी सांगायला लागले होते, हे तेव्हाच्या बोलण्यात कळलं. सगळं नाही, एखाद्या माणसाबद्दल. कुर्ल्याच्या पुढे होता, निळा शर्ट होता, असं. ती ऐकायची. त्या वर्षी दिवाळीला मामा घरी होते, पण तेव्हा ते निवृत्तच झाले होते, त्यामुळे त्याचा अर्थ लावायला मी जात नाही.

इथवर आलेल्या गोष्टीचं पुढे जे केलं गेलं त्याचा मला खरोखर राग आहे. १९८७ साली पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं होतं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये लोकांसमोर समारंभही करून दाखवला होता. वीस वर्षं ते लग्न टिकलं, भांडणांसकट, पैशाच्या ओढाताणीसकट. मग २००७ मध्ये एक कथा आली. पीटरने जगासमोर मुखवटा काढलेला असतो, त्याच्यावर झाडलेली गोळी काकूला लागते, ती बेशुद्ध. मेफिस्टो नावाचा सैतान सौदा देऊ करतो: काकू जगेल, तुमचं लग्न मात्र कधी झालंच नव्हतं असं होईल. दोघं मान्य करतात. लग्न पुसलं जातं, आणि पीटरची ओळखही जगाच्या स्मरणातून जाते.

प्रकाशकांना लग्न झालेला नायक नको होता, हे उघड गुपित आहे. वाचकांचा राग त्यावरच होता. माझा राग पीटरवर आहे, आणि तो पीटर म्हणून अगदी खरा वागला म्हणून जास्त आहे. पंचेचाळीस वर्षांनंतरही तो त्याच रात्रीत उभा आहे. पुन्हा एक गोळी, पुन्हा घरातलं वडीलधारं माणूस, पुन्हा ‘माझ्यामुळे’. आणि फेडायला हात घालतो तो पुन्हा त्याच खिशात. या वेळी त्या खिशात एक जिवंत बाई होती, जिने एकदा उघडं दार आतून बंद केलं होतं. काकूला विचारायची सोय नव्हती. पण जी काकू त्या अंकात त्याच्यासमोर बसून म्हणाली होती की दोष माझाही होता, तिने हा सौदा ऐकून घेतला असता का? माझी खात्री आहे, तिने पीटरला खडसावलं असतं, आणि म्हणाली असती, मला जाऊ दे, तू घरी जा.